फोन घेताना १२८ का २५६? आणि फोटो, चॅट, नंबर यांचा बॅकअप कसा घ्यायचा, पहिल्यापासून

नवीन फोन घ्यायला गेलं की रंग, कॅमेरा, बॅटरी सगळं बघून होतं आणि मग दुकानदार विचारतो, स्टोरेज (साठवायची जागा) १२८ जीबी देऊ का २५६, आणि तिथे बहुतेक जण अडकतात. सोबतचा कोणीतरी म्हणतो घेऊन टाका जास्तीचं, दुसरा म्हणतो कशाला, क्लाउड आहे ना (म्हणजे इंटरनेटवर, गूगल-अॅपलसारख्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर मिळणारी जागा). दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. मोठ्या स्टोरेजचा फोन घेतला म्हणून फोटो सुरक्षित होत नाहीत, ते फक्त एकाच जागी जास्त साठतात. फोन चोरीला गेला, पावसात भिजून बंद पडला की आतमध्ये १२८ होते का ५१२ याला काही अर्थ उरत नाही, सगळं एकदमच जातं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, स्टोरेज गरजेपुरतं घ्या आणि वाचलेले पैसे दुसऱ्या कॉपीवर, म्हणजे बॅकअपवर, घाला. हे दोन निर्णय एकत्रच घ्यायचे असतात.

ज्यांनी आत्तापर्यंत यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, त्यामुळे अगदी साध्या गोष्टीसुद्धा यात आहेत.

आधी हातातल्या फोनचा हिशोब काढा

दुकानात जायच्या आधी घरी बसून हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्ज उघडा आणि स्टोरेज शोधा (काही कंपन्यांनी ते डिव्हाइस केअर किंवा अबाउट फोनच्या आत टाकलंय, सापडत नसेल तर सेटिंग्जमध्ये वर सर्चची जागा असते तिथे टाइप करा). आयफोन असेल तर सेटिंग्ज, मग जनरल, मग आयफोन स्टोरेज. तिथे अ‍ॅप, फोटो, व्हिडिओ, सिस्टिम असं सगळं वेगवेगळं दिसतं.

आता बघायचं काय, तर फोन किती वर्षं वापरलाय आणि तुमच्या स्वतःच्या गोष्टींनी त्यात किती जागा घेतलीय. समजा तीन वर्षांत फोटो, व्हिडिओ, चॅट मिळून ६० जीबी झालं, म्हणजे वर्षाला २० जीबी. नवीन फोन चार वर्षं वापरायचा म्हटला तर ८० जीबी, शिवाय नवीन कॅमेऱ्याचे फोटो जुन्यापेक्षा वजनदार असतात, मग शंभरच्या आसपास धरा. हा तुमचा आकडा. यूट्यूबवर कोणी काहीही सांगितलं तरी हा आकडाच खरा, कारण तो तुमच्या वापराचा आहे.

फक्त हिशोब करताना एक बघा, त्यातलं कचऱ्याचं किती आणि कामाचं किती. बहुतेकांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच सगळ्यात वर असतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथे गेलात की कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्लीय ते उतरत्या क्रमाने दिसतं, आणि पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतं. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, तिघांत मिळून सणावाराच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आणि कोणीतरी पुढे ढकललेली भाषणं. हे साफ केलं तर कितीतरी जणांना नवीन फोनची गरजच उरत नाही, खरंच सांगते. आणि तिथेच मीडिया ऑटो डाउनलोडमध्ये जाऊन व्हिडिओची खूण काढून टाका म्हणजे परत भरणार नाही. टेलिग्राम वापरत असाल तर त्याचा कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) पण असाच गुपचूप वाढतो, डेटा अँड स्टोरेजमध्ये जाऊन तो रिकामा करा.

बॉक्सवरचा आकडा आणि हातात येणारी जागा

बॉक्सवर १२८ जीबी लिहिलेलं असलं तरी तुम्हाला १२८ मिळत नाहीत. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि कॉम्प्युटरचा हिशोब १०२४ च्या पटीत चालतो, त्यामुळे त्याच १२८ चे काही ठिकाणी ११९ दिसतात. त्यात अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच टाकलेली अ‍ॅप मिळून साधारण १५ ते २५ जीबी खातात. म्हणजे हातात शंभरच्या आसपास. ६४ चा फोन घेतला तर चाळीसच्या आसपास, आणि त्यातही थोडी जागा कायम मोकळी ठेवावी लागते, पूर्ण भरलेला फोन अडखळतो, अपडेट उतरत नाही, कधी कधी नेमका फोटो काढायच्या क्षणी स्टोरेज फुल असा मेसेज येतो. दहा टक्के तरी रिकामे राहू द्या. मघाशी काढलेला तुमचा आकडा या हातात येणाऱ्या जागेशी ताडून बघा.

आणखी एक गोंधळ म्हणजे ८ + १२८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, म्हणजे एका वेळी किती अ‍ॅप चालू राहतील त्याचा, तुमचे फोटो त्यात राहत नाहीत. दुसरा आकडा स्टोरेजचा. हल्ली तर ८ + ८ जीबी रॅम अशी जाहिरात करतात, त्यातले दुसरे ८ तुमच्याच स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, म्हणजे १२८ मधून आणखी ८ गेले. स्वस्तातल्या फोनमध्ये हे चालू असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतं.

स्वस्त फोन घेताना स्टोरेजचा प्रकार पण विचारा. ईएमएमसी असेल तर हळू, यूएफएस असेल तर बराच वेगवान. एकाच भावात १२८ यूएफएस आणि २५६ ईएमएमसी असा पर्याय समोर आला तर मी डोळे झाकून पहिला घेईन, कारण हळू स्टोरेजचा फोन दोन वर्षांत वापरवत नाही.

मग किती घ्यायचं

सगळ्यात जास्त जागा व्हिडिओ खातो (फुल एचडी, फोर-के म्हणजे चित्र किती बारीक, आणि फ्रेम म्हणजे सेकंदाला किती चित्रं). आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कंपनीने स्वतःच आकडे दिलेत, फुल एचडी ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० एमबी, फोर-के ३० फ्रेमला १७० एमबी आणि फोर-के ६० फ्रेमला ४०० एमबी. म्हणजे गॅदरिंगमध्ये मुलीच्या नाचाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ फोर-के साठवर काढला तर ४ जीबी गेले, तोच फुल एचडीवर काढला असता तर ६०० एमबी. आणि तो पुढे बघणार कशावर, तर आजीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एकदा जाऊन हे ठरवून टाका, रोजच्यासाठी फुल एचडी, आणि लग्न, बारसं, एखादा खास प्रवास असेल तेव्हाच फोर-के. एवढ्या एका बदलाने १२८ चा फोन अडीचशेसारखा चालतो. फोटोंचं त्यामानाने काही नाही, एक साधा फोटो ३ ते ५ एमबी, हजार फोटो म्हणजे तीन ते पाच जीबी.

तर माझं मत असं. आईबाबांसाठी, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, यूपीआय एवढाच वापर असेल तर १२८ भरपूर. ६४ आता घेऊच नका, पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि वर्षाच्या आत डिलीट करत बसावं लागतं. कॉलेजची मुलं, गेम खेळणारे, लहान बाळ असलेले आईबाप (यांचे व्हिडिओ कधीच संपत नाहीत), रील बनवणारे, साइटवरचे इंजिनिअर ज्यांना रोज कामाचे फोटो काढावे लागतात, यांनी २५६ घ्यावं. ५१२ फक्त त्यांच्यासाठी ज्यांचा धंदाच फोनच्या कॅमेऱ्यावर आहे.

आयफोनचं गणित जरा वेगळं आहे कारण तिथे वाढीव स्टोरेजचे पैसे जास्त. आयफोन १६ २०२४ मध्ये आला तेव्हा १२८ ला ७९,९०० आणि २५६ ला ८९,९००, म्हणजे नुसत्या जागेचे दहा हजार (आयफोन १७ पासून सुरुवातच २५६ ने होते, त्यामुळे हा प्रश्न निम्मा सुटला). आता हे बघा, आयक्लाउडचा (अॅपलच्या क्लाउडचा) २०० जीबीचा प्लॅन महिना २१९ रुपयांचा, चार वर्षांचे साडेदहा हजार. पैसे जवळपास तेवढेच, पण एकात तुम्हाला फक्त जागा मिळते आणि दुसऱ्यात जागा अधिक फोनच्या बाहेर एक कॉपी. मला विचाराल तर मी जुना किंवा सेकंडहँड आयफोन घेताना १२८ घेऊन क्लाउडला पैसे देईन. भाव बदलत असतात, घेताना एकदा ताजे बघून घ्या.

अँड्रॉइडमध्ये मात्र मधल्या किमतीच्या फोनला १२८ आणि २५६ मधला फरक बहुतेक वेळा दोन-तीन हजारांचा असतो, तेवढा झेपत असेल तर घ्या, फोन जास्त वर्षं टिकेल.

मेमरी कार्ड टाकू का?

आधी कार्डाची जागा आहे का ते बघा. आयफोनला कधीच नव्हती, सॅमसंगने पण २०२१ च्या एस २१ पासून आपल्या महाग एस सिरीजमधून काढून टाकली. स्वस्त आणि मधल्या फोनमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी असते, पण कधी कधी दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं, तेही विचारून घ्या.

कार्ड टाकायचं तर गाणी, सिनेमे, ऑफलाइन ठेवायच्या गोष्टी यांच्यासाठी टाका. ज्या फोटोची दुसरी कॉपी कुठेच नाही तो कार्डावर ठेवू नका, कार्ड एक दिवस काही न सांगता वाचलं जाणं बंद होतं. आणि टाकताना फोनने विचारलं की इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरू का, तर नाही म्हणा. तसं केलं तर कार्ड त्याच फोनपुरतं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतं, उद्या फोन बिघडला आणि कार्ड काढून दुसऱ्यात घातलं तर काहीही वाचता येत नाही.

रस्त्यावर किंवा ऑनलाइन १ टीबीचं कार्ड चारशे-पाचशे रुपयांत दिसलं तर ते खोटं आहे. आतमध्ये ८ किंवा १६ जीबी असतात आणि फोनला १ टीबी असल्याचं खोटं सांगितलेलं असतं, तेवढी जागा भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात, उघडत नाहीत. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो पण नवीन कार्ड, पेनड्राइव्ह काहीही आणलं की हे करावंच, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं असो, पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेलं असो.

बॅकअपची पहिली पायरी म्हणजे अकाउंट तुमच्या ताब्यात असणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळं नेमकं इथेच फसतं. कितीतरी लोकांचं, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या लोकांचं, गूगल अकाउंट दुकानातल्या मुलाने फोन चालू करून देताना उघडलेलं असतं. ईमेल काय ते माहीत नाही, पासवर्ड त्या मुलाला माहीत होता तो आता त्यालाही आठवत नाही, आणि प्रत्येक नवीन फोनला नवीन अकाउंट. अशा अकाउंटवर वर्षानुवर्षं फोटो नीट चढत असतात आणि फोन गेला की त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताच नसतो.

त्यामुळे आज, आत्ता, सेटिंग्जमध्ये गूगलवर टॅप करा आणि कोणता ईमेल आहे तो वहीत लिहून घ्या. पासवर्ड माहीत नसेल तर फोन हातात आहे आणि चालू आहे तोवर बदलणं सोपं असतं, नंतर नाही. रिकव्हरीसाठी तुमचा नंबर चालू आहे का बघा, जुना बंद पडलेला नंबर असेल तर बदला, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी ईमेल रिकव्हरीला द्या.

मग पुढचा प्रश्न, जो फार कमी लोकांच्या डोक्यात येतो. फोन चोरीला गेला, तुम्ही दुसऱ्या फोनवर लॉगिन करताय, गूगल म्हणतं ओटीपी टाका, ओटीपी जातो त्याच चोरीला गेलेल्या सिमवर. सिम परत मिळेपर्यंत तुम्ही बाहेर. यासाठी गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की बॅकअप कोड मिळतात, दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा किंवा प्रिंट काढा आणि घरात रेशनकार्ड, एलआयसीचे कागद असतात त्या फाइलमध्ये ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, त्याचा काय उपयोग.

आणि एक, दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गूगल अकाउंट गूगल काढून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून हा नियम लागू आहे. जुन्या अकाउंटवर फोटो असतील तर अधूनमधून त्यात लॉगिन करत जा.

फोटो

गूगल फोटोज उघडा, वर उजवीकडे तुमच्या फोटोच्या गोलावर टॅप करा, बॅकअप चालू आहे का बघा. चालू असेल तर लगेच सोडू नका, त्याच्या सेटिंगमध्ये आत जा. तिथे क्वालिटी विचारतात, ओरिजिनल किंवा स्टोरेज सेव्हर. स्टोरेज सेव्हरमध्ये फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ फुल एचडीपर्यंत आणून ठेवतात, घरगुती फोटोंना त्याने काही फरक पडत नाही, तेच निवडा. मग डिव्हाइस फोल्डर्स बघा. आपोआप फक्त कॅमेऱ्याचे फोटो चढतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, दुसऱ्यांनी काढलेले लग्नाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते हवे असतील तर तो फोल्डर चालू करावा लागतो (आणि केला की सकाळच्या शुभेच्छाही वर जातात, म्हणून मी तो बंद ठेवून हवे तेवढेच फोटो निवडून चढवते). वायफाय नसेल तर मोबाइल डेटावर बॅकअपची परवानगी द्या, नाहीतर महिनोन् महिने काहीच चढत नाही आणि तुम्हाला वाटत राहतं की चढतंय.

जागा फुकट १५ जीबी, पण ती फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह तिघांत मिळून. २०२१ च्या १ जूनपर्यंत गूगल फोटोज अमर्याद फुकट होतं, अनेकांच्या डोक्यात अजून तेच आहे. १५ भरले की फोटो चढायचे थांबतात आणि जीमेलला मेल येणंही बंद होतं, नोकरी शोधणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. १०० जीबीचा गूगल वन प्लॅन महिना १३० रुपये किंवा वर्षाला १३०० आहे, घरातल्या माणसांसोबत वाटून घेता येतो. आयक्लाउडला फुकट फक्त ५ जीबी, त्यामुळे आयफोनवाल्यांना ५० जीबीचे ७५ रुपये महिना देण्यावाचून फारसा पर्याय नाही. रिचार्जसोबत क्लाउड फुकट मिळतं ते वापरायला हरकत नाही पण मुदत कधी संपते ते बघून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. गूगल फोटोज आणि आयक्लाउड फोटोज हे आरशासारखे आहेत, फोनमधून त्या अ‍ॅपमध्ये जाऊन फोटो डिलीट केला की क्लाउडमधूनही जातो. "फोटो तर वर आहेत, मग फोनमधले उडवते" असं म्हणून एकेक निवडून डिलीट करायचं नाही. जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये फ्री अप स्पेस असं बटण आहे, ते फक्त फोनमधली कॉपी काढतं, आयफोनमध्ये ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज चालू करा. चुकून उडवलंच तर घाबरू नका, गूगलच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, आयफोनच्या रीसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस.

व्हॉट्सअ‍ॅप

याचा बॅकअप वेगळा असतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. शेवटचा कधी झालाय ती तारीख तिथे दिसते, ती आधी बघा. अँड्रॉइडवर तो गूगल ड्राइव्हला जातो आणि २०२४ पासून तुमच्या त्याच १५ जीबीत मोजला जातो, आधी मोजत नसत. म्हणून इन्क्लूड व्हिडिओज बंद ठेवा, बॅकअप बराच लहान होतो. रोजचा नको असेल तर आठवड्याचा ठेवा.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असा एक पर्याय तिथे आहे, चांगला आहे, पण पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप ना व्हॉट्सअ‍ॅप उघडून देऊ शकतं ना गूगल. चालू करणार असाल तर पासवर्ड त्या वहीत लिहा.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ड्राइव्हवरचा बॅकअप तिकडे चालत नाही. नवीन आयफोन पहिल्यांदा चालू करताना मूव्ह टू आयओएस अ‍ॅपने जुन्या फोनवरून थेट चॅट न्यावे लागतात. बरेच जण आयफोन आधी सेट करून टाकतात आणि मग विचारतात चॅट कसे आणू, म्हणून आधीच सांगते. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जात असाल तर दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने चॅट ट्रान्सफर होतं, ड्राइव्हची गरजही लागत नाही.

जे कुठेच चढत नाही ते

सेटिंग्ज, गूगल, बॅकअप इथलं बटण चालू असलं की कॉन्टॅक्ट, कॉल हिस्टरी, एसएमएस, अ‍ॅपची यादी एवढं जातं. (फोन बंद पडला तर हा बॅकअप नवीन फोनवर लवकर उतरवून घ्या, ५७ दिवस फोन वापरला नाही तर तो पुसला जातो.) पण डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ, रेकॉर्डरमधली रेकॉर्डिंग्ज, फोन कंपनीच्या नोट्स अ‍ॅपमधलं लिखाण हे यात येत नाही.

आत्याचा फोन बदलायचा होता तेव्हा फोटो, चॅट सगळं नवीन फोनवर आलं होतं, ती खूश होती. तरी आम्ही दोघी जुन्या फोनचं फाइल्स अ‍ॅप उघडून एकेक फोल्डर बघत गेलो तर रेकॉर्डिंग्जमध्ये "व्हॉइस ००३", "व्हॉइस ००४" अशा नावाच्या फाइली. लावून बघितल्या तर आजीच्या जात्यावरच्या ओव्या. मध्ये कुकरच्या शिट्ट्या, आत्या विचारतेय "पुढची कोणती गं", आणि आजी थोडी थांबून परत सुरू करते. सगळ्या मिळून ४० एमबी पण नव्हत्या. ड्राइव्हवर टाकल्या, नावं बदलून कोणती ओवी ते लिहिलं, भावंडांना पाठवल्या. तुमच्या घरात असं काय आहे ते तुम्हीच शोधू शकता, कोणतंही अ‍ॅप शोधून देणार नाही. फाइल्स अ‍ॅपमध्ये ऑडिओ आणि डॉक्युमेंट्स हे दोन भाग नीट चाळा.

कॉन्टॅक्टचं पण बघा. नंबर सेव्ह करताना फोन, सिम की गूगल असं विचारतात, कायम गूगल निवडा. जुने सिमवर असतील तर कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये इम्पोर्ट करून गूगलवर न्या.

आधार, लायसन्स, गाडीचं आरसी यांचे फोटो काढून गॅलरीत ठेवण्यापेक्षा सरकारच्या डिजिलॉकरमध्ये घ्या, तिथून काढलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदासारखीच धरली जातात आणि फोन गेला तरी दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं की परत. दहावी-बारावीच्या मार्कशीटपण तिथे मिळतात. यूपीआयची काळजी करू नका, पैसे बँकेत असतात, नवीन फोनमध्ये तेच सिम घालून अ‍ॅप परत रजिस्टर होतं.

दुसरी कॉपी, घरातली

क्लाउड झालं म्हणून थांबू नका. पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकांपर्यंत नेलेला ३-२-१ असा एक नियम आहे, तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, फोन एक, क्लाउड दोन, हार्डडिस्क तीन.

एक टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क आणा, सगळ्या घराला पुरते. फोन केबलने लॅपटॉपला लावा, फोनवर यूएसबीची सूचना येते त्यात फाइल ट्रान्सफर निवडा, लॅपटॉपवर फोनचं नाव दिसेल, आत इंटर्नल स्टोरेज. डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो), पिक्चर्स, डाउनलोड, डॉक्युमेंट्स, रेकॉर्डिंग्ज हे फोल्डर कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपचं सामान अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप या फोल्डरमध्ये असतं. कट करू नका, कॉपीच करा, मध्येच केबल हलली तर कट केलेल्या फाइली लटकतात. झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या सारखी आहे का बघा. फोल्डरला "२०२५ बाबांचा फोन" असं साधं नाव द्या.

लॅपटॉप नसेल तर टाइप-सीचा पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो, फाइल्स अ‍ॅपमधून कॉपी करता येतं. जुना पेनड्राइव्ह एफएटी-३२ (फाइली ठेवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. पण पेनड्राइव्ह इकडून तिकडे न्यायला, वर्षानुवर्षं ठेवायला नाही.

घराबाहेरची कॉपी कशाला, असं वाटेल. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पाणी घरात शिरलं तेव्हा अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडावं लागलेले लोक होते. अशा वेळी कपाटातली हार्डडिस्क आणि टेबलावरचा लॅपटॉप एकाच पाण्यात असतात. म्हणून क्लाउड वापरायचंच नसेल तर दोन हार्डडिस्क घ्या आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे, बहिणीकडे ठेवा, दिवाळीला, गणपतीला गेलं की अदलाबदल करा.

कधी करायचं ते ठरलेलं असलं की होतं. जगभर ३१ मार्च हा बॅकअप डे म्हणून पाळतात, आपल्याकडे मार्च एंडला तसेही कागद आवरले जातात, त्यात हेही आवरा. आणि दसऱ्याला एकदा.

उतरवून बघितल्याशिवाय बॅकअप झाला म्हणू नका

बॅकअप घेतला आणि तो परत मिळतो का हे बघितलंच नाही, असं खूप ठिकाणी असतं. घरातला दुसरा फोन किंवा लॅपटॉप घ्या, ब्राउझरमध्ये तुमच्या अकाउंटने गूगल फोटोज उघडा, तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो शोधा, मागच्या आठवड्यातला शोधा, दोन्ही दिसले पाहिजेत. हार्डडिस्कवरचे चार-पाच व्हिडिओ मधूनच लावून बघा. कॉन्टॅक्टची यादी कॉम्प्युटरवर उघडा आणि आईचा नंबर आहे का बघा.

फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोही त्या वहीत लिहून ठेवा, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की येतो. फोन चोरीला गेला तर आधी पोलिसात तक्रार आणि डुप्लिकेट सिम, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करता येतो.

नवीन फोन आला की जुना लगेच एक्सचेंजला देऊ नका. आठवडाभर घरातच ठेवा, वापरता वापरता आठवतं की अमुक अ‍ॅपमधलं तमुक राहिलं. जुना लगेच दिला तरच एक्सचेंजचा डिस्काउंट मिळत असेल तर तो सोडला तरी चालेल असं माझं मत आहे. सगळं आलंय अशी खात्री झाली की आधी सेटिंग्जमधून गूगल अकाउंट काढा, आयफोन असेल तर फाइंड माय बंद करा, मग फॅक्टरी रिसेट (फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं), आणि सिम आणि मेमरी कार्ड काढलंय का ते ट्रे उघडून बघा.